बाबासाहेबांनी कंपनीचे हिशेब वाचले होते, आपण कधी वाचणार?

आंबेडकरी कार्यकर्त्याला सरकार वाचता येतं. जीआर कुठल्या विभागाचा, माहिती अधिकाराचा अर्ज कुणाच्या नावे टाकायचा, पहिलं अपील किती दिवसांत करायचं, ॲट्रॉसिटीच्या गुन्ह्यात कुठलं कलम लावलं आणि कुठलं मुद्दाम गाळलं, हे आपल्या वस्तीतला बारावी झालेला पोरगाही घडाघडा सांगतो. ही चळवळीची कमाई आहे. कागदापासून हजारो वर्षं दूर ठेवलेल्या समाजाने कागदावर मिळवलेला हा ताबा आहे.

आता त्याच पोराला दुसरे प्रश्न विचारा. तुझ्या वस्तीत एसआरएची योजना घेऊन आलेली कंपनी कधी स्थापन झाली? तिचे संचालक आणखी कुठल्या कंपन्यांत आहेत? तिच्यावर कर्ज किती? तुझी आई ज्या कंत्राटदाराकडे हाऊसकीपिंगला जाते, तो तिचा पीएफ भरतो का? तू ज्या कंपनीत उद्या मुलाखतीला चाललास, ती तोट्यात आहे की नफ्यात? इथे बहुतेक ठिकाणी शांतता पसरते.

दहिसरचंच घ्या. महापालिकेच्या आर-उत्तर विभागातल्या रावळपाडा, केतकीपाडा, घरटनपाडा, गणपत पाटील नगर या वस्त्यांतून रोज सकाळी माणसं बाहेर पडतात ती सोसायट्यांच्या साफसफाईला, मॉलच्या सिक्युरिटीला, डिलिव्हरीच्या बाइकवर, महापालिकेच्या कंत्राटदाराकडे. घर कधी मिळणार हे बिल्डर ठरवतो. पगार कंत्राटदार ठरवतो. बचत गटाच्या बायकांचा हप्ता मायक्रोफायनान्स कंपनी ठरवते. सरकारी नोकरीची भरती आटत गेली आणि आपलं जगणं एकेक करत कंपन्यांच्या हातात गेलं. आपला अभ्यास मात्र अजून मंत्रालयाच्या पायरीवरच उभा आहे.

माझं म्हणणं सरळ आहे. कंपनीची माहिती काढणं हे आता एमबीएवाल्यांचं काम राहिलेलं नाही. ते चळवळीचं काम आहे. आणि सुरुवात करायला पदवी लागत नाही, मोबाईल आणि वही पुरते.

माहिती हीसुद्धा जातीची इस्टेट आहे

जात म्हणजे जमीन, पाणी, मंदिर, लग्न एवढंच आपण मोजतो. जात ही माहितीची साखळीही आहे, हे आपण कमी बोलतो. व्यापारी जातीतल्या मुलाला कुठला पुरवठादार उधारी देतो, कुठला बिल्डर पैसे बुडवतो, कुठल्या गाळ्याचं भाडं किती, हे घरच्या जेवणावर कळतं. मामाचा सीए असतो, काकाचा वकील असतो, बहिणीचा दीर बँकेत असतो. त्याला मार्केट रिसर्च करावा लागत नाही. त्याची जातच त्याच्यासाठी रिसर्च करते.

आपल्याकडेही साखळी होती, पण ती कुठे नेणारी होती? कैवान मुन्शी आणि मार्क रोझेन्झ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी दादरच्या शाळांमधल्या मुलामुलींचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. कामगार वर्गातल्या खालच्या मानलेल्या जातींच्या मुलग्यांना जातीच्या ओळखीपाळखी गिरणी-कारखान्यांच्या जुन्याच कामांकडे आणि मराठी माध्यमाकडे ओढत होत्या. मुलींना अशी ओळखीची साखळी नव्हतीच, म्हणून त्या इंग्रजी माध्यमाकडे लवकर वळल्या. म्हणजे एकाची साखळी त्याला गादीवर बसवते आणि दुसऱ्याची त्याला यंत्रावर बांधून ठेवते.

दाराच्या पलीकडे काय चालतं तेही नोंदलेलं आहे. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटेवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासासाठी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्या पात्रतेचे, फक्त नावं वेगळी असलेले अर्ज पाठवले. सवर्ण हिंदू नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची जी शक्यता होती, त्याच्या सुमारे दोन तृतीयांश एवढीच दलित नावाच्या अर्जाला होती. २०१२ मध्ये डी. अजित, हॅन डॉंकर आणि रवी सक्सेना यांनी देशातल्या १००० मोठ्या कंपन्यांच्या संचालक मंडळांवरची नावं तपासली. जवळपास ९३ टक्के संचालक पुढारलेल्या जातींचे निघाले. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून ३.५ टक्के.

हा दुसरा अभ्यास कशावर उभा राहिला ते बघा. संचालकांची नावं ही गुप्त गोष्ट नव्हती, ती जाहीर कागदावर होती. कुणीतरी बसून वाचली आणि मोजली. जेवणाच्या ताटावर मिळणारी माहिती आपल्याला मिळणार नाही. पण कायद्याने जी माहिती उघडी ठेवायला लावली आहे, ती वाचायला कुणाच्या ओळखीची गरज नाही. जातीचं जाळं त्यांना जे फुकट देतं, ते आपण कागदातून काढायचं आहे.

पहिला प्रबंध कंपनीवरच होता

काही मित्र म्हणतील, हे आपल्या परंपरेत बसत नाही. परंपरा जरा उलगडून बघू. १९१५ मध्ये कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी बाबासाहेबांनी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय होता ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि तिची वित्तव्यवस्था. वय २४. हातात कंपनीच्या महसुलाचे, खर्चाचे आणि कर्जाचे आकडे. महसूल कुठून गोळा झाला, कुठे उधळला, आणि कंपनीचं राज्य १८५८ मध्ये संपल्यावर तिच्या कर्जाचा भार कुणाच्या डोक्यावर राहिला, हे त्यांनी त्या आकड्यांतून दाखवलं. तो भार इथल्या रयतेच्या डोक्यावर राहिला. शोषणाबद्दल राग असणं आणि शोषणाचा ताळेबंद मांडणं यातलं अंतर त्यांनी पंचविशीच्या आत पार केलं होतं.

पुढचा प्रसंगही विसरू नये. बडोद्याची नोकरी सोडून मुंबईला परतल्यावर त्यांनी शेअर आणि रोख्यांच्या व्यवहारात सल्ला देणारा व्यवसाय सुरू केला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक येईनासं झालं आणि तो व्यवसाय बंद पडला. कोलंबियात शिकून आलेल्या माणसाची ही गत. म्हणून मी असं म्हणणार नाही की अभ्यास केला की जात मागे पडते. जात मागे पडत नाही. पण अभ्यास नसेल तर जात कुठे आडवी येते तेही दिसत नाही, आणि सगळं 'आपलं नशीब' या नावाखाली जमा होतं.

सुरुवात कुठून करायची?

सुरुवात प्रश्नापासून करायची, वेबसाइटपासून नाही. वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न लिहा. ही कंपनी कुणाची? पैसा कुठून येतो आणि कुणाचा थकतो? कुणाशी भांडण चालू आहे? पुढचं सगळं या तीन प्रश्नांच्या उत्तरासाठी.

पहिलं काम खरं नाव शोधणं. पाटीवरचं नाव आणि कायद्यातलं नाव वेगळं असू शकतं. बिल, करारपत्र, पगाराची पावती, जीएसटी क्रमांक यावर खरं नाव सापडतं. जीएसटीच्या संकेतस्थळावर १५ अंकी-अक्षरी क्रमांक टाकला की कायदेशीर नाव, व्यापारी नाव, नोंदणीची तारीख आणि नोंदणी चालू आहे की रद्द, हे फुकट दिसतं. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. त्या पॅनचं चौथं अक्षर 'सी' असेल तर कंपनी, 'एफ' असेल तर भागीदारी, 'पी' असेल तर एकटा माणूस. बोर्डावर 'ग्रुप ऑफ कंपनीज' आणि पॅनमध्ये 'पी', असे महाभाग आपल्या आजूबाजूला पुष्कळ आहेत.

कंपनी असेल तर केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर जा. प्रत्येक कंपनीला २१ अंक-अक्षरांचा सीआयएन क्रमांक असतो. पहिलं अक्षर 'एल' म्हणजे शेअर बाजारात नोंदलेली, 'यू' म्हणजे न नोंदलेली. मग धंद्याचा पाच अंकी संकेत, राज्याची दोन अक्षरं, स्थापनेचं साल, कंपनीचा प्रकार आणि शेवटी नोंदणी क्रमांक. नुसता हा क्रमांक वाचला तरी '२५ वर्षांचा अनुभव' सांगणारी कंपनी गेल्या वर्षी जन्मली की काय, ते कळतं. मूलभूत माहिती फुकट आहे. शंभर रुपये शुल्क भरलं तर वार्षिक विवरण आणि ताळेबंदही बघता येतो. कंपनी कायदा २०१३च्या कलम ३९९ने हा अधिकार कुणालाही दिला आहे. तुम्ही भागधारक असायची गरज नाही.

या कागदांत दोन महत्त्वाचे. एमजीटी-७ म्हणजे वार्षिक विवरण: भागधारक कोण, संचालक कोण. एओसी-४ सोबत ताळेबंद आणि लेखापरीक्षकाचा अहवाल. आकडे बघून घाबरू नका. सुरुवातीला चारच गोष्टी शोधा. विक्री दरवर्षी वाढते की घटते? कर्ज किती? संचालकांच्याच दुसऱ्या कंपन्यांना किती पैसे गेले? आणि लेखापरीक्षकाने कुठे नाराजीचा किंवा शंकेचा शेरा मारला आहे का? सगळा ताळेबंद समजला नाही तरी तो शेरा आधी वाचा.

सातबाऱ्यावर बोजा चढतो तसा कंपनीवरही चढतो. पोर्टलवर कर्जाच्या बोजांची यादी असते. कुठल्या बँकेकडून किती घेतलं, फेडलं की उघडं आहे. गावाकडच्या आपल्या आजोबांना सातबाऱ्यावरचा बोजा वाचता येत होता. हा त्याचाच शहरी भाऊ आहे.

सही करण्याआधी

आता हे वस्तीत आणून बघू. बिल्डरचा माणूस संमतीपत्रक घेऊन येतो. सोबत रंगीत चित्रं, पुढारी, सत्यनारायणाची पूजा आणि बिर्याणी. एसआरए योजनेला आता ५१ टक्के झोपडीधारकांची संमती पुरते. निम्म्याहून थोड्या जास्त घरांनी सही केली की उरलेल्यांचं घरही त्याच गाडीत बसतं. मग ही गाडी कोण चालवतंय हे बघायला नको?

सीआयएन काढा. बरेचदा प्रत्येक योजनेसाठी नवी कंपनी काढलेली दिसेल. हा काही गुन्हा नाही, धंद्याची ती रीत आहे. पण तिचा अर्थ समजून घ्या. खासगी मर्यादित कंपनीची जबाबदारी तिच्या स्वतःच्या मालमत्तेपुरती असते. २०१५च्या दुरुस्तीनंतर किमान भांडवलाची अटही उरलेली नाही. एक लाख भरणा भांडवल असलेली नवी कंपनी बुडाली, तर माहितीपत्रकावर जिचे टॉवर छापले होते ती मोठी कंपनी 'आमचा संबंध नाही' म्हणू शकते. म्हणून सभेत विचारायचा प्रश्न असा: करारावर सही कुठली कंपनी करणार, आणि मोठी कंपनी लेखी हमी देणार का? हा एक प्रश्न शंभर घोषणांपेक्षा जड आहे.

मग संचालकांची नावं घेऊन त्यांच्या दुसऱ्या कंपन्या बघा. त्या कंपन्यांच्या योजना महारेराच्या संकेतस्थळावर शोधा. विक्रीच्या इमारतीची नोंद तिथे असते. ताबा द्यायची मूळ तारीख काय होती आणि ती किती वेळा पुढे ढकलली, ते बघा. ई-कोर्ट्सवर पक्षकाराच्या नावाने खटले शोधता येतात. दिवाळखोरीचं प्रकरण असेल तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाच्या आदेशांत दिसेल. आणि शेवटी पायाने करायचं काम: त्याच बिल्डरची जुनी योजना शोधून तिथल्या संक्रमण शिबिरात जा. भाडं वेळेवर मिळतं का, हे तिथली बाई दोन वाक्यांत सांगेल.

बिल्डर काम रखडवत असेल तर झोपडपट्टी कायद्याच्या कलम १३(२)खाली त्याला काढण्याची मागणी करता येते. ती करतानाही कामाला येते ती ही वहीच.

माहिती अधिकार खासगी कंपनीला लागू नाही म्हणून गप्प बसायचं कारण नाही. कायद्याच्या कलम २(एफ)नुसार जी माहिती सरकारी प्राधिकरण खासगी संस्थेकडून कायद्याने मागवू शकतं, ती तुम्ही त्या प्राधिकरणाकडे मागू शकता. बिल्डरने एसआरएला काय दिलं, कंत्राटदाराने महापालिकेला काय दिलं, ते एसआरए आणि महापालिकेला विचारा. 'व्यापारी गोपनीयता' म्हणून कलम ८(१)(डी) तोंडावर फेकलं जाईल. त्याच कलमात व्यापक जनहित असेल तर माहिती द्यावी असंही लिहिलं आहे. अपिलात तेवढं वाक्य अधोरेखित करा.

कंत्राटदाराचा कागद

भविष्य निर्वाह निधीच्या संकेतस्थळावर आस्थापनेचं नाव टाकून शोध घेता येतो. कुठल्या महिन्याचा पीएफ, किती कामगारांचा, कधी भरला, याची नोंद मिळते. साइटवर ८० बाया-माणसं राबतात आणि पीएफ ३० जणांचा भरला जातो, हे भांडणाआधीच हातात असेल तर भांडणाचा सूर बदलतो. मूळ मालक 'ते कंत्राटदाराला विचारा' म्हणून हात झटकतो, तेव्हा हा कागद त्याच्याच टेबलावर ठेवता येतो.

मुंबईत हे घडलेलं आहे. महापालिकेच्या कचरा कामगारांना कंत्राटी म्हणून वर्षानुवर्षं राबवलं. त्यात बहुसंख्य आपलीच माणसं. कचरा वाहतूक श्रमिक संघाने ही कंत्राटं कागदापुरती आहेत, खरा मालक महापालिकाच आहे, हे पुराव्यानिशी मांडलं. २०१४ मध्ये औद्योगिक न्यायाधिकरणाने आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांच्या बाजूने निकाल दिला. रस्त्यावरचा मोर्चा होताच. पण मोर्चाच्या हातात फाइल होती.

स्पर्धक कोण, हे नीट ओळखा

आता व्यवसाय करू पाहणाऱ्या मित्रांशी बोलतो. आपल्यात धंदा सुरू करणारा बहुधा दोन गोष्टी करतो. एकतर शेजारच्याचं बघून तेच दुकान टाकतो, नाहीतर 'माझ्यासारखं कुणीच करत नाही' असं समजतो. दोन्हीत स्पर्धकाचा अभ्यास नसतो.

समजा तुम्हाला दहिसर-बोरिवलीच्या सोसायट्यांना आणि कार्यालयांना साफसफाईची सेवा द्यायची आहे. पाच स्पर्धक निवडा. प्रत्येकाला वहीचं एक पान. खरं नाव, किती वर्षं, किती कामगार, कुठले ग्राहक, माणशी किती दर, पैसे किती दिवसांनी मिळतात, लोक कशावर चिडतात. पहिल्या तीन गोष्टी वर सांगितलेल्या पोर्टलवर मिळतील. दर आणि तक्रारी सोसायटीच्या मॅनेजरकडे, वॉचमनकडे आणि गूगलवरच्या एका-दोन ताऱ्यांच्या शेऱ्यांत. त्या शेऱ्यांत तुमची संधी असते: माणूस सुट्टीवर गेला की बदली येत नाही, बिल वेळेवर देत नाहीत, सुपरवायझर फोन उचलत नाही. मोठ्या, शेअर बाजारात उतरलेल्या कंपन्या सुरक्षा आणि साफसफाईच्या धंद्यातही आहेत. शेअर विक्रीला काढण्याआधी कंपनीला सेबीकडे माहितीपत्रक द्यावं लागतं. त्यात धंद्यातले धोके आणि स्पर्धा यांवर पानंच्या पानं असतात, आणि ती फुकट वाचता येतात. लाखो रुपये फी घेणाऱ्या सल्लागारांनी लिहिलेलं ते असतं.

मात्र एक जागा नीट ओळखा. अनेकदा तुमचा खरा स्पर्धक स्वस्त दर देणारा नसतो, तो सेक्रेटरीचा मेहुणा असतो. तिथे दर कितीही खाली आणला तरी काम मिळत नाही, उलट तुमचेच कामगार भरडले जातात. म्हणून सुरुवातीला असा ग्राहक शोधा जिथे निवड कागदावर करावी लागते.

केंद्र सरकारच्या २०१२च्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार केंद्रीय मंत्रालयं आणि सार्वजनिक कंपन्यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघुउद्योगांकडून करायची आहे, आणि एकूण खरेदीच्या ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांकडून. उद्यम नोंदणी असली की अनामत रकमेतून सूट मिळते. सर्वात कमी दराच्या १५ टक्क्यांच्या आत तुमचा दर असेल आणि तुम्ही त्या कमी दराला तयार असाल तर कामाचा वाटा मिळू शकतो. पण बारीक अक्षर वाचा. हा लाभ उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. फिनाइल घेऊन विकलं तर नाही, फिनाइल बनवलं किंवा साफसफाईची सेवा दिली तर आहे. आणि आपले उद्योजक पुढे आलेच नाहीत तर तो ४ टक्क्यांचा वाटा इतर लघुउद्योगांकडे जातो. राखीव जागा 'योग्य उमेदवार नाही' म्हणून भरायची नाही, हा खेळ आपण नोकऱ्यांत पाहिला आहे. इथे तर आपण अर्जच न करून तो खेळ सोपा करतो.

सरकारी ई-मार्केटप्लेस म्हणजे जेम २०१६ मध्ये सुरू झालं. तिथे झालेल्या निविदांचे निकाल उघडून बघा. कुणी भाग घेतला, कुणाचा कागद अपुरा म्हणून बाद झाला, काम कितीला गेलं. स्पर्धकाचा अभ्यास करायला यापेक्षा चांगली शाळा नाही. वीस निकाल वहीत उतरवले की दर कसा लावायचा याचा अंदाज येतो.

नोंदणी म्हणजे प्रामाणिकपणा नाही

इथे धोक्याचा इशारा देणं गरजेचं आहे. जानेवारी २०२५ मध्ये टोरेस नावाच्या दागिन्यांच्या दुकानांना कुलपं लागली. दादर, कांदिवली, मीरा रोड इथल्या शोरूमसमोर गुंतवणूकदारांची गर्दी झाली. मीरा रोड आपल्या दहिसर चेकनाक्याच्या पलीकडे आणि कांदिवली दोन स्टेशनं अलीकडे. दर आठवड्याला परतावा देण्याचं आमिष होतं. शिवाजी पार्क पोलिसांत गुन्हा दाखल झाला आणि तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. पाटीवर टोरेस होतं, पण कंपनीचं नाव होतं प्लॅटिनम हर्न प्रायव्हेट लिमिटेड. कंपनी नोंदलेली होती. नोंदणी म्हणजे जन्मदाखला असतो, चारित्र्याचा दाखला नाही. लोकांकडून ठेवी घ्यायला वेगळी परवानगी लागते आणि ती आहे की नाही हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तपासता येतं. तक्रारही तिथेच करता येते.

कंपनीचे कागद कंपनीच भरते, हे कायम लक्षात ठेवा. म्हणून एका कागदावर विसंबू नका. ताळेबंदातली विक्री, पीएफमधले कामगार, महारेरातली तारीख आणि वस्तीतल्या बाईची साक्ष यांचा मेळ लागतो का बघा. तथागतांनी कालामांना हेच सांगितलं होतं. परंपरेने आलं, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः तपासा. जाहिरात, पुढारी आणि यूट्यूबवरचा 'बिझनेस गुरू' यांनाही तोच नियम लावा. आणि सम्यक आजीविकेची मर्यादा आपल्याला लागू आहेच. खोटी ओळख सांगून, कामगाराला पैसे चारून, कुणाची खासगी कागदपत्रं चोरून माहिती काढायची नाही. उघड्यावर आहे तेच अजून आपण वाचलेलं नाही.

'हे भांडवलदारांचं काम आहे'

हा आक्षेप आपल्यातल्या चांगल्या कार्यकर्त्यांकडूनच येतो, म्हणून त्याला उत्तर देतो. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. दुसऱ्या शत्रूचा पत्ता, भांडवल, कर्ज आणि संचालक माहीत नसताना त्याच्याशी लढणार कसे? दलित भांडवलशाहीने मुक्ती येते असं मलाही वाटत नाही. शंभर दलित करोडपती झाले तरी केतकीपाड्यातल्या बाईचा पीएफ आपोआप भरला जाणार नाही. पण कंपनीत शिरायचं असो, कंपनी काढायची असो की कंपनीविरुद्ध लढायचं असो, तिन्ही वाटांवर पहिला टप्पा एकच आहे. ती वाचणं.

आणि वाचायला लागलो की आपली मागणीही धारदार होते. सेबीने देशातल्या वरच्या १००० नोंदलेल्या कंपन्यांना जबाबदारी आणि शाश्वततेचा अहवाल देणं २०२२-२३ पासून सक्तीचं केलं. त्यात स्त्री-पुरुष कर्मचारी किती, अपंग कर्मचारी किती, हे द्यावं लागतं. अनुसूचित जाती-जमातीचे किती, हा रकाना नाही. खासगी क्षेत्रात आरक्षण हवं, ही मागणी आपण अनेक वर्षं करतोय. तिच्याआधीची पायरी आहे ती मोजणीची. जे मोजलंच जात नाही, त्याच्या अभावाचा जाबही कुणी देत नाही. हा रकाना आणा, ही मागणी मोर्च्यात यायला हवी, आणि ती अशाच माणसांकडून येईल ज्यांनी तो अहवाल उघडून पाहिला आहे.

विहारात एक रविवार

एकट्याने हे कंटाळवाणं होतं. म्हणून प्रस्ताव असा: महिन्यातला एक रविवार, वंदनेनंतर दोन तास, विहारात कंपनी-वाचन. पाच-सात जण पुरेत. एकजण पोर्टल उघडेल, एकजण वहीत उतरवेल, एकजण वस्तीत जाऊन पडताळेल. वाणिज्य शाखेची मुलगी ताळेबंद समजावेल, वकिलीला असलेला मुलगा खटले शोधेल, आणि चार सोसायट्यांत राबून आलेली मावशी सांगेल की कागदावरचं कितपत खरं आहे. तिची जागा या गटात सगळ्यांच्या वर आहे.

पहिल्या महिन्यात आपल्या वस्तीत आलेला बिल्डर घ्या. दुसऱ्या महिन्यात ज्या कंत्राटदाराकडे आपली जास्त माणसं कामाला आहेत तो. तिसऱ्या महिन्यात गटातल्या एखाद्याच्या धंद्याचे पाच स्पर्धक. प्रत्येक कंपनीचं एक पान, त्यावर तारीख आणि माहिती कुठून घेतली ते. वर्षाअखेर विहाराच्या कपाटात बारा महिन्यांची फाइल जमा होईल. पुढच्या वेळी कुणी संमतीपत्रक घेऊन आला, की 'विचार करून सांगतो' म्हणायच्या आधी ती फाइल उघडायची.

शिका, हा आदेश आपण शाळा-कॉलेजापुरता ठेवला. त्याचा पुढचा धडा कंपनीचा आहे. या महिन्यात एकच करा: तुमच्या घरातलं जे कुणी कंपनीत किंवा कंत्राटदाराकडे कामाला जातं, त्याच्या मालकाचं खरं नाव आणि त्याने भरलेला पीएफ शोधून काढा. बाकीचं त्या एका पानातून सुरू होईल.

जयभीम!